अर्धवट लिहिलेलं

त्याची नि माझी पहिली भेट माझ्या कपावरून झाली. ऑफिसच्या पॅन्ट्रीत एक उंच, अनोळखी माणूस खिडकीशी उभा राहून माझ्या निळ्या कपातून आरामात चहा पीत होता.

"तो माझा कप आहे."

"अरे— सॉरी! मला वाटलं, इथलं सगळं सगळ्यांचं असतं."

तेव्हाच मला कळायला हवं होतं!

हा आमच्या टीममधला नवा डेव्हलपर. आम्ही एक वेबपेज बनवत होतो; दहाजण ते एकाच वेळी उघडून कामं वाटून घेणार. एखादं काम संपलं की ते सगळ्यांना दिसायला हवं, म्हणून ते शेअर्ड स्टेटमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक नोंदीत. पण मी मेनू उघडला, तर तो फक्त माझ्याकडे उघडायला नको का? या पठ्ठ्यानं मेनूसुद्धा शेअर्डमध्ये टाकला. मी इथे क्लिक केलं, की तिकडे दहाजणांच्या तोंडावर मेनू!

"ज्याचं त्याच्यापाशी ठेव ना रे!" मी कपाळावर हात मारून घ्यायचे.

"शिकव की मग," म्हणत तो खुर्ची ओढून जवळ बसायचा... आणि हसायचा. त्या हसण्यानं माझा राग निम्मा व्हायचा, म्हणून अजूनच राग यायचा. तीन महिने पालथ्या घड्यावर पाणी. कप मात्र रोज विसळून माझ्या टेबलावर आणून ठेवायचा. चहासकट.

आणि गुरुवारी महाशय म्हणतात, "दुसऱ्या शहरातल्या ऑफिसात बोलावलंय. आज पाचपर्यंत हो-नाही कळवायचंय."

"मग कळव," मी म्हटलं. "मेनू तेवढा दुरुस्त करून जा."

अस्सा संताप आला! त्याचा, आणि त्याहून जास्त माझा. प्रेमात पडायला मला हाच सापडावा?

साडेचारला त्याचं काम तपासायला मी पेज उघडलं. पलीकडच्या टेबलावर तोही तेच उघडून बसला होता. मेनू खरंच सुधारला होता. शेरा लिहायच्या चौकटीत काहीतरी लिहून बघायचं, म्हणून बोटं चालवली— 'जाऊ नकोस ना, मूर्खा. मला करमणार नाही.' वाचलं, घाबरले, पुसलं. पाठवलं तर नव्हतंच.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. तो समोर उभा. कान लालबुंद.

"ती चौकट... म्हणजे, मेनू मी शेअर्डमधून हलवला. पण चौकटीतलं अर्धवट लिहिलेलं अजून शेअर्डच आहे."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. "दहाही जणांनी वाचलं?"

"नाही गं. आत्ता आपण दोघंच आहोत त्यावर."

"छप्पन्न वेळा सांगितलं होतं तुला! ते माझ्यापाशीच राहायला हवं होतं!"

"राहिलं असतं, तर मी 'हो' कळवलं असतं." तो हळूच म्हणाला, "मला वाटायचं, तुला माझा नुसता वैताग येतो."

"येतोच! बस खाली. आधी 'नाही' कळव... मग ती चौकट दुरुस्त करू."

तो बसला. माझ्याच कीबोर्डवर त्यानं नकार लिहून पाठवला आणि माझ्या कपातला उरलेला चहा, न विचारता, पिऊन टाकला.

मी तो पुन्हा भरून आणला आणि दोघांच्या मधोमध ठेवला.