एक्कावन्न किलो

"तेरावं झालं, तरी पोरगा माझ्या हातचं जेवत नाय," तुळसाबाई म्हणाल्या. "आयेच्या सुकटीनं बाप मारला, म्हणतो."

गिरगावातल्या आपल्या खोलीत खाजगी हेर सुभद्रा करंदीकर ऐकत होत्या. त्यांचा मदतनीस भिवा मात्र चुळबुळत होता. संपानंतर त्याची गिरणी सुटून नऊ वर्षं झाली होती. तुळसाबाईंचा मेलेला नवरा विठोबा त्याच्याच खात्यातला.

"त्यांचं हृदय थकलेलं. अंगात पाणी भरायचं," तुळसाबाई सांगू लागल्या. "मीठ बंद. करी रोडच्या वृद्धसदनात रोज वजन करायचे. वाढलं तर डॉक्टर लघवीची गोळी वाढवणार होते. दसऱ्यानंतर दहाव्या दिवशी मी खारी सुकट नेली. दोन घास खाल्ले नि संध्याकाळी गेले."

"पाय कधी सुजले?"

"दसऱ्यानंतर चौथ्या दिवसापासून चपला चढेनात. मेट्रन जाईबाईंना दाखवले. त्यांनी तक्ता पुढं केला, वजन तेवढंच आहे म्हणाल्या. मग माझी बोलती बंद."

वृद्धसदनात जाईबाईंनी सुभद्राबाईंपुढेही तोच तक्ता ठेवला. टापटीप अक्षर, एक दिवस कोरा नाही. विठोबाचं वजन एक्कावन्न, साडेएक्कावन्न, पुन्हा एक्कावन्न.

"रोज सकाळी सहाला मी स्वतः प्रत्येकाला काट्यावर उभं करते," जाईबाई म्हणाल्या. "आजचीही अकरा वजनं लिहून झाली."

"काटे किती?"

"एकच. डॉक्टर गुरुवारी येतात, नुसता तक्ता बघून गोळ्या ठरवतात. घरच्यांनी चोरून खारं भरवलं, त्याला आम्ही काय करणार?"

काटा वॉर्डाच्या कोपऱ्यात होता. दांड्यावरचा झेंडूचा हार वाळून काळा पडला होता. पाय ठेवायच्या पत्र्यावर हळदीकुंकवाचं स्वस्तिक आणि चार अक्षता होत्या. भिवाला भरून आलं. गिरणीत दसऱ्याला साचे, म्हणजे माग, असेच पुजत. त्याने हात जोडले.

"हार कुणी घातला?" सुभद्राबाईंनी फरशी पुसणाऱ्या आयाला, रखमाला विचारलं.

"मीच, दसऱ्याला. आमचे हे गिरणीत होते ना, सवय गेली नाय."

"या बायका देवभोळ्या आहेत, खोटं लिहायच्या नाहीत," भिवा बाहेर पुटपुटला. "सुकटीनंच घात केला असणार."

"जा, दौलतला बोलावून आण," सुभद्राबाई म्हणाल्या.

तासाभराने विठोबाचा मुलगा दौलत आईपासून दोन हात लांब, काट्याजवळ उभा होता. जाईबाईही होत्या.

"दौलत, सुकट दहाव्या दिवशी आली. पाय चौथ्या दिवशी सुजले. म्हणजे पाणी आधीपासून भरत होतं, आणि तक्त्यात वजन हलत नव्हतं. असं होत नाही." सुभद्राबाईंनी पत्र्याकडे बोट केलं. "हे स्वस्तिक दसऱ्याचं. बारा माणसं रोज यावर उभी राहिली असती, तर महिनाभर ते टिकलं असतं?"

भिवाला स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटली. तो हात जोडून उभा राहिला होता, आणि खोटेपणा डोळ्यांसमोर होता.

"दुखऱ्या माणसाला उभं करायला दोघी लागतात," जाईबाई खालच्या आवाजात म्हणाल्या. "रखमा एकटी. मालक दुसरी बाई देत नाही."

"मग तक्ता कोरा ठेवायचा होता. डॉक्टरांनी कोऱ्या तक्त्याचं कारण विचारलं असतं. तुमच्या आकड्यांनी त्यांचे डोळे बांधले, या बाईचं तोंड बंद केलं आणि वर खुनाचं बालंट तिच्यावरच आणलंत."

"त्र्याहत्तर वर्षांचे होते ते," जाईबाई म्हणाल्या.

"म्हणून काय मारून टाकायचं?" भिवा ओरडला. आयुष्यभर साच्यावर उभ्या राहिलेल्या माणसाला दोन मिनिटं काट्यावर उभं करायला इथे कुणाला सवड नव्हती.

सुभद्राबाईंनी डॉक्टरांना फोन लावला. उरलेल्या अकरा जणांची वजनं आत्ता, त्यांच्यासमोर होणार होती.

दौलत आईजवळ सरकला.

"आये, घरी काय आहे जेवायला?"

"काय नाय," तुळसाबाई म्हणाल्या. "तू जेवत नव्हतास, मग स्टो कोणासाठी पेटवू?"