आठ होलांचं ड्रॉइंग

नूतन ढोबळे जिना चढून वर आल्या तेव्हा मारोतरावांच्या हातातला गरम आलूगुंडा तोंडापाशी पोचला होता.

"चोरी झाली," त्या दारातूनच म्हणाल्या. "चोर मले माहीत आहे. तुमी फक्त पुरावा द्या."

असली गिऱ्हाइकं मारोतरावांना भारी आवडायची. चोर आयता मिळाला, म्हणजे अर्धं काम झालंच की! छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून काढलेला हा माणूस. पुढं इंजिन कुणीतरी नीट हाकतंय यावर त्यांचा गाढ विश्वास. हल्ली ते इंजिन म्हणजे त्यांची भाची प्रांजली. भिलाईत, पावर हाउसच्या बाजारात, हार्डवेअरच्या दुकानावर तिची खासगी तपासाची कचेरी होती आणि मामा तिथं बिनपगारी, पण नाश्त्यासकट कामाला होते.

"बसा ताई. काय गेलं?" प्रांजलीनं विचारलं.

"ड्रॉइंग." नूतनताईंनी दोन कागद टेबलावर ठेवले. कारखान्यांना यंत्राच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करून द्यायची, हा त्यांचा धंदा. "हे आमचं. भिलाई-तीनच्या एका कंपनीसाठी केलं. आन हे जामुलच्या वर्कशॉपवाल्या बाबुलालनं त्याच कंपनीले स्वतःचं म्हणून देलं. नाव सोडून सारं आमचं!"

मारोतरावांनी चष्मा लावला. दोन्हीकडं तीच गोल चकती, बोल्टनं जोडायची फ्लँज. त्यांना काडीचा फरक दिसेना.

"तुमच्यात दहा होल आहेत," प्रांजली म्हणाली. "बाबुलालच्यात आठ."

"घाईत दोन राहिले असतील बिचाऱ्याचे," मारोतराव म्हणाले. कुणी लक्ष दिलं नाही.

"फाइल कोणाकोणाला उघडता येते?"

"ज्याच्यापाशी लिंक, तो उघडते. फाइलच्या कव्हरवर तो काळा-पांढरा चौकोन छापतो आमी, क्यूआर. कारखान्यात हात काळे असतात, टाइप कोण करते? मोबाइल धरला का ताजं ड्रॉइंग हजर."

"आणि पासवर्ड?"

"कस्टमरले कटकट नको म्हून नाई ठेवला. पण लिंक बाहेर जाऊच देत नाई ना! ऑफिसात आमी तिघं, मी, रूपेश, मोनाली. तिकडं त्या कंपनीचे धर्मेंद्र साहेब. बस्स."

"आणि तुमचा चोर?"

"रूपेश." नूतनताई खुर्चीत टेकल्या. "नऊ वर्षं झाली. पेन्सिल धराले मी शिकवलं त्याले. विश्वकर्मा पूजेच्या दिवशी तो बाबुलालच्या वर्कशॉपसमोर दिसला लोकांले. धर्मेंद्र साहेबानं आज चारपर्यंत टाइम देला. चोर सांगा, नाई तं काम काढून घेतो म्हणे. रूपेशले कालच तोंडावर बोलली मी. नोकरीवरून काढाचं पत्र टाइप करून ठेवलं, सही तेवढी बाकी आहे."

"सही करू नका," प्रांजली उठलीच. "साडेतीनला सगळ्यांना एकत्र बसवा. चला मामा."

"आलूगुंडा?"

"वडा रस्त्यात खा."

नूतनताईंचं ऑफिस दोन गल्ल्या पलीकडं होतं. तिन्ही कॉम्प्युटरांच्या गळ्यात विश्वकर्मा पूजेच्या झेंडूच्या माळा होत्या, पाच दिवसांत वाळून तपकिरी झालेल्या.

"यंदा पूजा जोरात झालेली दिसते," मारोतराव कौतुकानं म्हणाले.

"हाव! विश्वकर्माच नाई पुजला तं आपलं पोट कसं चालंल?" एवढ्या चिंतेतही नूतनताईंचा चेहरा खुलला. "ग्रुपवर फोटो टाकला तं एकशेचाळीस जणांनी हात जोडले."

मोनालीला आधी बोलावलं. पोरगी मराठी बोलता बोलता हिंदीत घसरायची आणि घाबरली की जास्तच.

"बाबुलालच्या कागदावर आठ होल आहेत. कुठून आले?"

"हमारा ही था ना, पहले!" मोनाली म्हणाली. "सोळा तारखेले संध्याकाळी धर्मेंद्र सरचा फोन आला, आठ नाई, दहा होल पाहिजे. स्पीकरवर होता फोन, आमी तिघांनी ऐकला. मी बदलणारच होती, पण मॅडमनं मशिनी पुसून बंद केल्या होत्या. सतराले पूजा, त्या दिवशी माउसले बी हात लावाचा नाई आमच्याकडं. मग अठराले सकाळी दहाले बदललं."

"छापलेली फाइल तेव्हा कुठं होती?"

"देवापाशी. नवीन कामाची फाइल ठेवाच लागते. अठराले दुपारी धर्मेंद्र सरकडे गेली."

"हीच आहे," मारोतराव भाचीच्या कानात पुटपुटले. "फार भरभर बोलते."

रूपेश आला तो खाली मान घालून. तो अजिबात भरभर बोलत नव्हता, त्यामुळं मारोतरावांना लगेच त्याचाही संशय आला.

"जामुलले कावून गेला होतास बाबा?" त्यांनीच विचारून टाकलं.

"मोठी बहीण राहते. तिचं घर बाबुलालच्या वर्कशॉपसमोरच आहे. परसाद द्याले गेलो. बाबुलालनं हात केला, मी बी केला. एवढंच." त्यानं एकदाच वर पाहिलं. "नऊ वर्षांत एक कागद बाहेर नाई नेला जी. उद्या या बाजारात मले कोण काम देईल? चोर म्हणूनच ओळखतील ना?"

पोरगा खरं बोलून राहिला, असं मारोतरावांना आतून वाटलं, पण आतून वाटलेलं धर्मेंद्र साहेबांना काय कामाचं!

धर्मेंद्र साहेबांना प्रांजलीनं फोन लावला. ते चिडलेलेच होते.

"फाइल मला अठराला दुपारी मिळाली. त्या चौकोनावर हे एवढं कुंकू! स्कॅनच होईना. रुमालानं पुसलं, तेव्हा कुठं उघडलं. दहा होल, बरोबर. आणि वीस तारखेला बाबुलालनं आठ होलांचं आणून दिलं. मी काय मूर्ख आहे?"

"मुळीच नाही," प्रांजली गोड आवाजात म्हणाली. "साडेतीनला या मात्र."

जिन्यात मारोतरावांनी कपाळ पुसलं. "पोरी, मोनाली नाई, रूपेश नाई, साहेब बी नाई. मंग चोर काय विश्वकर्मा?"

"जवळ पोचलात मामा," असं म्हणून ती हसत सुटली. मारोतरावांना वाटलं, आता हिचं डोकं काही ठिकाणावर नाही!

साडेतीनला सगळे बसले. टेबलावर ते पत्र आणि त्यावर पेन. रूपेश दारापाशी उभा होता, बस म्हटलं तरी बसेना.

"आधी चोरीचा दिवस ठरवू," प्रांजलीनं सुरुवात केली. "लिंकवर नेहमी ताजं ड्रॉइंग दिसतं. बाबुलालकडं आठ होल आहेत. म्हणजे त्यानं ते अठराच्या सकाळी दहाच्या आधी उघडलं. धर्मेंद्र साहेबांना लिंक मिळाली अठराच्या दुपारी. ते सुटले."

"मी होतोच कुठं अडकलेला!" धर्मेंद्र साहेब म्हणाले.

"राहिले ऑफिसातले तिघं. पण आठ होल चुकीचे आहेत हे तिघांनाही सोळा तारखेलाच कळलं होतं. रूपेशनं माल विकला असता, तर दोन होल वाढव एवढं बाबुलालला सांगितलं नसतं का? नापास होणारं ड्रॉइंग कोण विकत घेईल? मोनालीचंही तेच. ज्यांना बदल माहीत होता, त्यांतल्या कुणीही हे जाणूनबुजून दिलेलं नाही."

"मंग गेलं कसं?" नूतनताई वैतागल्या.

"ताई, तुमच्या त्या ग्रुपवर बाबुलाल आहे?"

"आहे ना. सारेच वर्कशॉपवाले आहेत."

"पूजेचा फोटो दाखवा जरा."

नूतनताईंनी मोबाइल पुढं केला. विश्वकर्म्याची तसबीर, नारळ, झेंडू, आणि तसबिरीला टेकून उभी केलेली नवी फाइल. कव्हरवर तो काळा-पांढरा चौकोन, लखलखीत.

"साहेबांच्या हाती आली तेव्हा यावर कुंकू होतं. इथं नाही. आधी फोटो, मग कुंकू, बरोबर?"

"हाव, फोटो साफ यावा म्हणून..." नूतनताई थांबल्या.

"मामा, तुमचा फोन या फोटोवर धरा."

मारोतरावांनी आयुष्यात कुणाकडं लिंक मागितली नव्हती. त्यांनी कॅमेरा धरला, अंगठा टेकवला आणि दचकून मागं सरकले. त्यांच्या फोनवर फ्लँज उघडली होती. दहाच्या दहा होल!

"अरे बापरे! म्या बी चोर झालो का?"

"एकशेचाळीस जणांना हे जमलं असतं. केलं एकानं. आता त्या फोटोची माहिती उघडा, कोणी कधी पाहिला ते दिसतं."

मोनालीनं वाचून दाखवलं. "बाबुलाल. सतरा तारीख, सकाळी अकरा वीस."

नूतनताईंचा चेहरा पांढरा पडला. "म्हणजे... मीच वाटलं. साऱ्या गावाले."

धर्मेंद्र साहेब आधी खाकरले, मग त्यांना हसूच आवरेना. "बाबुलालचं कोटेशन आजच परत पाठवतो. काम तुमच्याकडंच राहील. पण ही लिंक आत्ताच्या आत्ता बंद करा."

"कर दिया सर," मोनाली म्हणाली.

"यापुढं ज्याचं नाव लिहिलं त्यालाच उघडेल अशी ठेवा," प्रांजली म्हणाली. "पासवर्ड वेगळा, फोनवर सांगा. आणि फाइल देवापाशी खुशाल ठेवा. चौकोन तेवढा देवाकडं तोंड करून."

नूतनताईंनी ते पत्र फाडलं, दोनदा, चारदा. मग दारापाशी गेल्या.

"रूपेश, नऊ वर्षं तुले पाहून बी माह्या मनात असं आलं. लाज वाटून राहिली रे मले. माफ कर."

रूपेशचे डोळे भरले होते. "मले नका म्हणू मॅडम. मायले म्हणा. कालपासून तिनं चूल नाई पेटवली."

नूतनताईंनी तिथंच उभ्या उभ्या फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "भागीरथाबाई, मी नूतन. रूपेशनं काईच नाई केलं. चूक माही होती. साऱ्यांसमोर सांगून राहिली."

मारोतराव फोनच्या जवळ सरकले.

"मले पयलेच मालूम होतं, बाई," भागीरथाबाई म्हणाल्या. "तुमाले समजाची वाट पाहून राहिली होती. आता त्याले घरी पाठवा, आन संगं तुमी बी या. तुमी बी जेवल्या नसान. भात टाकते मी."