सव्वीस भांडी आणि एक साक्षीदार

"हे अक्षर कुणाचं?"

लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या त्या भांड्यांच्या दुकानात शिरल्या शिरल्या मी मोबाइलमधला फोटो समोरच्या माणसापुढे धरला. तांब्याच्या हंड्यावर ठसठशीत कोरलेलं होतं, 'चि. अमरनाथ यांस सप्रेम भेट'.

"माझंच," तो म्हणाला. "चांगलं आलंय ना?"

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "तुमच्या ह्या चांगल्या अक्षरापायी माझी सव्वीस भांडी चाललीत!"

त्याने नाव कोरायचं मशीन बंद केलं. स्टूल पुढे सरकवलं, माठातलं पाणी दिलं. फेब्रुवारी संपत आला होता आणि लातूरचं ऊन तापायला लागलं होतं. मी गटागट पाणी प्यायले, आणि का कोण जाणे... त्या अनोळखी माणसाला सगळं सांगून टाकलं.

अमरनाथ माझा नवरा — म्हणजे होता. चार महिन्यांपूर्वी आमचा घटस्फोट झाला. नांदेडचं घर त्याचं, त्याला लखलाभ. पण लग्नात माझ्या वडिलांनी, अप्पांनी, दिलेली भांडी माझी होती. पन्नास माणसांचा भात शिजेल अशी पातेली, हंडे, पराती... अप्पांचं सगळं घसघशीत. क्लाससाठी लातुरात येणाऱ्या पोरींकरता मी मेस काढणार होते. दोन खोल्यांचा ॲडव्हान्स देऊन बसले होते, नवी भांडी घ्यायला हातात काही उरलं नव्हतं. भांडी आली तर मेस, नाहीतर परत भावाच्या दारात.

आमच्याकडे लेकीला दिलेल्या भांड्यांवर जावयाचं नाव घालतात. मानपान! मी भांड्यांसाठी दावा लावला, तर अमरनाथने कोर्टात शपथेवर सांगितलं, 'नाव माझं आहे, म्हणजे भेट मला मिळाली.' आणि खरं काय ते सांगायला अप्पा आता हयात नव्हते.

"म्हंजे आमचं जुनं गिऱ्हाईक शिवप्पा, त्यांची लेक तुम्ही?" तो म्हणाला. "मंग चिठ्ठी असंल की. काय नाव घालायचं ते गिऱ्हाईकच लिहून देतं. आमी फेकत न्हाई, माळ्यावर गोण्या भरून हायत."

"किती वर्षांच्या?"

"वीस." तो हसला. "म्या श्रीशैल. येत्या रविवारी या, दुकान बंद असतंय."

एका रविवारचे तीन रविवार झाले. आम्ही समोरासमोर बसून चिठ्ठ्या निवडायचो. त्याच्या केसांवर धूळ, माझ्या नाकात धूळ. एक चिठ्ठी वाचून मला हसू आवरेना. 'कळशी आत्याची, पण तिचं नाव मामाच्या नावाच्या वर घालू नये.'

"असं हसत जावा," तो म्हणाला. "पहिल्या दिवशी लई भ्या वाटलं होतं तुमचं."

"तुमच्या लग्नातल्या भांड्यांवर कुणी नावं घातली?"

"लग्नच न्हाई झालं. जगाची नावं घालून राहिलो... आपलं तेवढं राहून गेलं."

मी पटकन मान खाली घातली. कान गरम झाले होते माझे, एकोणतीस वर्षांच्या बाईचे!

तिसऱ्या रविवारी चिठ्ठी सापडली. अप्पांचं तिरपं अक्षर: 'माझी लेक तनुजा हिच्या संसारासाठी नग २६. भांडी तिचीच. नाव जावयांचं घालणे, त्यांना बरं वाटेल.' मला रडू फुटलं. श्रीशैलने धुतलेला पंचा पुढे केला आणि मी डोळे पुसेपर्यंत तो खिडकीबाहेर बघत राहिला.

माझ्या वकील उमादेवी खूश झाल्या, पण बजावलंही. "चिठ्ठी त्यांच्या दुकानातली, त्यामुळे साक्ष त्यांनाच द्यावी लागेल. तोवर भेटणं बंद. समोरचा वकील नातं विचारणारच." तीन आठवडे आम्ही भेटलो नाही. मला त्याची आठवण येत होती. खूप येत होती.

साक्षीच्या दिवशी अमरनाथच्या वकिलाने तेच विचारलं. "या बाईंशी तुमचं काय नातं?"

"गिऱ्हाईक हायत."

मी सुटकेचा निःश्वास टाकला. पण श्रीशैल न्यायाधीशबाईंकडे बघत पुढे बोललाच. "आन्... शपथ घेतलीय म्हणून सांगतो, मॅडम. मला त्या आवडतात. त्यांना अजून बोललो न्हाई."

मागच्या बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. उमादेवींनी कपाळाला हात लावला. समोरचा वकील तर नाचायचाच बाकी होता. "म्हणजे साक्षीदार यांच्याच बाजूचा!"

बाहेर आल्यावर मी त्याला गाठलं. "गप्प बसता आलं नाही? माझी मेस... सगळं घालवलंत!"

"खोटं बोललो असतो तर चिठ्ठीबी खोटी ठरली असती," तो हळूच म्हणाला. "अप्पांची चिठ्ठी हाय ती."

मी रागातच रिक्षात बसले. रात्रभर तळमळले, आणि सकाळपर्यंत राग कुठे गेला तेच कळेना. सहा वर्षं मी अशा माणसाबरोबर राहिले, जो शपथेवरसुद्धा खोटं बोलला. आणि हा...

एप्रिलच्या शेवटी निकाल लागला. चिठ्ठीतलं अक्षर बँकेतल्या अप्पांच्या कागदांशी जुळलं होतं. न्यायाधीशबाईंनी एक ओळ आणखी लिहिली होती: अडचणीचं खरं जो आपणहून सांगतो, त्याचं बाकीचंही खरं मानायला हरकत नाही. सव्वीसच्या सव्वीस भांडी माझी!

नांदेडहून टेम्पो आला तेव्हा श्रीशैल उतरवून घ्यायला हजर होता. शेवटची परात आत ठेवून तो दारात घुटमळला. घामाने शर्ट पाठीला चिकटला होता.

"तनुजा... एक विचारू?"

"नका विचारू." त्याचा चेहरा पडला, तसं मी घाईघाईने म्हटलं, "आत्ता नका. मला आधी एक वर्ष माझ्या जिवावर ही मेस चालवू द्या. पुढच्या उन्हाळ्यात विचारा. मी हो म्हणणार आहे, ते आत्ताच सांगून ठेवते."

"हो म्हणणारच, तर मंग विचारायचं कामून?"

"विचारायचंच," मी म्हटलं. "मला ऐकायचंय."