तळघरातली सात नावं

कैरोच्या जुन्या कबरस्तानावरून उड्डाणपूल जायचा होता आणि मी सर्वेक्षण खात्यात कारकून होतो. सरकारने दोन समित्या नेमल्या होत्या, एक वारसा जपायला, एक रस्ता काढायला. समेट असा झाला: कोरीव संगमरवर संग्रहालयात, हाडं वाळवंटातल्या नव्या दफनभूमीत. वारसा दगडांचा असतो. हाडांची फक्त अडचण होते.

त्या दुपारी माझ्याकडे एका पाशाच्या घराण्याची यादी होती. कबरींखाली आतून जोडलेली दोन तळघरं, एक पुरुषांचं, एक बायकांचं; बायकांच्या तळघरात सात नावं. राखणदार बयूमीचाचा तिथेच, कबरींच्या अंगणात, चाळीस वर्षं संसार करून राहिलेला.

"साहेब, आठवं नाव घाला. माझी बायको, गलीला. मालकिणीनं तिला आत जागा दिली होती."

"कागद?"

"मालकीणही आतच आहे. विचारा तिला."

"नाव नसेल तर नवी कबर नाही, चाचा. उरलेल्यांवर काँक्रीट पडणार."

"एका ओळीनं तुमची शाई संपते का?"

मी यादीची घडी उलगडली. तो कंदील घेऊन पायऱ्या उतरला. मी तोंडाशी बसलो. खालून कोरड्या मातीचा, जुन्या कापडाचा वास येत होता. काळोखातून दोन हात वर यायचे, हाडांचं गाठोडं द्यायचे. मी नाव वाचून खूण करायचो. हातांकडे कोण बघतो...

सात झाली.

"संपलं, चाचा. या वर."

"कुणाला बोलावताय?"

बयूमीचाचा माझ्या मागे चहाचे दोन पेले घेऊन उभा होता. "दम लागला. चौथ्यानंतरच मी पुरुषांकडच्या जिन्यानं वर आलो..."

खालून हात पुन्हा वर आले. आठवं गाठोडं. मी घेतलं. समोर आलेलं घ्यायची कारकुनाला सवय असते.

चाचानं पेले खाली ठेवले. "ही शाल तिची आहे," तो हळूच म्हणाला. "लग्नातली."

मी नाव लिहिलं.

हात मात्र खाली गेले नाहीत. तळवे वर, रिकामे, तसेच...

"आता कोण, चाचा?"

"आत आठच होत्या, साहेब..."

सकाळी काँक्रीटची गाडी घेऊन मुकादम आला. "खाली कुणी राहिलं नाही ना?"

मी यादी दाखवली. त्यानं वाकून आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग काही न विचारता गाडीला मागे येण्याची खूण केली.

त्यालाही नोकरी होती.