नापास कॅबिनेट

त्या दुकानात मी शिरले ती चुकून. जायचं होतं शेजारच्या मोबाईलवाल्याकडे, पण त्याचं शटर खाली होतं. आकुर्डी स्टेशनच्या रस्त्यावर भर दुपारी उन्हात ताटकळण्यापेक्षा... शिरले.

काउंटरमागे एक उंच मुलगा उघड्या कॉम्प्युटरवर फुंकर मारत होता. सगळी धूळ माझ्या तोंडावर आली.

“अर्र... सॉरी मॅडम! दिसलाच नाहीत तुम्ही.”

“आता दिसले ना?” मी डोळे चोळत म्हणाले.

“दिसलात की,” तो म्हणाला, आणि बघतच राहिला.

हा समाधान. लातूरकडचा, मामांच्या दुकानात कॉम्प्युटर जोडणारा. आणि मी विजयश्री, निघोज्याच्या एका कंपनीत क्वालिटीला. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग मोजायचे आणि चुकलेल्याला लाल टॅग लावायचा, हे माझं काम. माझ्या तावडीतून घरची पोळीसुद्धा सुटत नाही, असं आई म्हणते.

आलेच होते, तर विचारून टाकलं. एकतीस तारखेला माझे वडील, अप्पा, रिटायर होणार होते. बत्तीस वर्षं कारखान्याच्या प्रेस शॉपमध्ये, पत्रा दाबणाऱ्या मशिनांच्या दणदणाटात काढून त्यांचे कान गेलेले. ते टीव्ही लावतात तेव्हा अख्ख्या बिल्डिंगला बातम्या कळतात. उलट आई जरा आवाज झाला की डोकं धरून बसते. शिफ्टच्या नादात अप्पांनी एकही सिनेमा धड शेवटापर्यंत बघितला नव्हता. मला टीव्हीला जोडायला एक छोटा कॉम्प्युटर हवा होता, आणि एकतीसच्या संध्याकाळी त्यावर सिनेमा चालू झालेला हवा होता.

“म्हणजे आवाज पाहिजे पण, नको पण,” समाधान म्हणाला. “अवघड गिऱ्हाईक आहात.”

“जमणार नसेल तर सांगा.”

“जमवू की! अप्पांना वायरलेस हेडफोन. आणि आत मोठा पंखा, हळू फिरणारा. ग्राफिक कार्ड नकोच, उगीच गरम होतं नि ओरडतं. सिनेमाला प्रोसेसर पुरे.”

“आणि कॉम्प्युटरचं कॅबिनेट टीव्हीखालच्या कप्प्यात बसायला हवं.” मी पर्समधून माझा व्हर्नियर काढला आणि त्यानं दाखवलेल्या प्रोसेसरच्या कूलरची उंची मोजायला लागले.

“लोकांच्या पर्समधून लिपस्टिक निघते,” तो म्हणाला.

“तीही आहे. तिनं मोजता येत नाही.”

कूलर तीन मिलिमीटर उंच निघाला. मी नापास केला.

माझी सुट्टी गुरुवारची. पुढच्या गुरुवारी त्यानं दुसरा कूलर दाखवला, तो पास झाला. मदरबोर्डाला अप्पांच्या टीव्हीला लागेल तसा एचडीएमआय नव्हता, तो नापास.

“लग्नाच्या मुलालाही असंच मोजणार का तुम्ही?” त्यानं यादीवर काट मारत विचारलं.

“मोजायला अजून कुणी उभाच राहिला नाही.”

त्याच्या हातातला स्क्रू खाली पडला, आणि तो शोधायला त्याला बराच वेळ लागला.

तिसऱ्या गुरुवारी सगळं आलं. प्रोसेसर, मदरबोर्ड, कॅबिनेट... एकूण एक वस्तू मापात. “झालं!” समाधान म्हणाला. “तासाभरात जोडून देतो.”

तासाभरानंतर मला या दुकानात यायला काही कारण उरणार नव्हतं. मग मी जे केलं, ते आठवलं की आजही लाज वाटते. कॅबिनेट उलटं केलं. बुडाला, रबरी पायाजवळ, केसाएवढा ओरखडा होता.

“हे नापास.”

त्यानं ओरखड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “बुडाला आहे, मॅडम... कुणाला दिसणार?”

“मला दिसतोय.”

त्यानं मुकाट्यानं ते डब्यात भरलं.

आठवडाभर मला धड जेवण गेलं नाही. चांगला माल नापास करणं हा आमच्या कामात गुन्हाच, आणि मी तो एका मुलाचं हसू पुन्हा दिसावं म्हणून केला होता. अप्पा रोज तो रिकामा कप्पा फडक्यानं पुसत होते.

एकोणतीस तारखेला, गुरुवारी, मी दुकानात पाऊल टाकलं तेव्हा समाधान हसला नाही.

“नवीन कॅबिनेट चार तारखेला येतंय,” तो हळूच म्हणाला. “अगोदर कुठंच नाही. जुनं मामांनी सकाळी परत पाठवायला ट्रान्सपोर्टला टाकलं. भोसरीतून पाचला गाडी निघते.”

चार तारीख! अप्पांचा सिनेमा एकतीसला होता.

“समाधान... तो ओरखडा काहीच नव्हता.”

“मग?”

मग... काय सांगू?

त्यानं घड्याळ बघितलं. चार वाजून दहा मिनिटं. दुसरं हेल्मेट माझ्या हातात देत तो म्हणाला, “बसा.”

टेल्को रोडला कंटेनरची रांग लागली होती. प्रत्येक सिग्नल आमच्यासाठी लाल होत होता आणि मी मिनिटं मोजत होते.

“चिडलात माझ्यावर?” मी मागून विचारलं.

“चिडायलोय कशाला? घाबरलोय,” तो म्हणाला. “गाडी सुटली, तर तुम्ही जन्मात माझ्या दुकानात येणार नाहीत.”

माझ्या काळजाची धडधड त्याच्या पाठीला जाणवेल, असं वाटून मी थोडी मागे सरकले.

गोदामाशी पोहोचलो तेव्हा ट्रकचं दार लावत होते. टेबलामागे हिंदुराव नावाचे म्हातारे कारकून बसले होते. सगळं ऐकून त्यांनी एक चिठ्ठी पुढं सरकवली.

“डबा काढून देतो. पर मागारी का घेताय त्ये लिवा. कारन लिवल्याबिगर मी शिक्का मारत न्हाई.”

रोज कारणं लिहिणारी मी, पेन धरून नुसती बसून राहिले. बाहेर ट्रकचं इंजिन सुरू झालं.

“चुकून पाठवलं, असं लिहा,” समाधान कुजबुजला.

तेवढं पुरलं असतं. पण एक खोटं कारण देऊनच तर मी इथवर आले होते. मी लिहिलं — माल चांगला आहे. मला पुन्हा दुकानात यायचं होतं, म्हणून मी तो नापास केला.

हिंदुरावांनी चष्मा लावला आणि सगळं मोठ्यानं वाचलं. दोन हमाल वळून बघायला लागले. माझे कान तापले. जमीन दुभंगली तर बरं, असं झालं.

“दुकानदाराची बी सही लागंल,” हिंदुराव म्हणाले. “काय हो, ह्ये कारन बराबर हाय का?”

समाधाननं पेन घेतलं. सही मात्र केली नाही. तो माझं अक्षर वाचत राहिला... एकदा, दोनदा. नको म्हणाला तर? हसला तर?

“बरोबर आहे,” तो म्हणाला. “पण अर्धंच आहे.”

माझ्या ओळीखाली त्यानं काहीतरी लिहिलं, सही केली आणि चिठ्ठी हिंदुरावांना न देता माझ्यापुढे धरली. त्यानं लिहिलं होतं — ओरखड्यात काही नाही, हे मलाही दिसलं होतं. यांनी पुन्हा यावं म्हणून मीही गप्प बसलो.

मी वर पाहिलं. त्याचेही कान लाल झाले होते.

हिंदुरावांनी चिठ्ठी ओढून घेतली, दोन्ही ओळी या वेळी मनातल्या मनात वाचल्या आणि दाणकन शिक्का मारला. “जावा घेऊन.”

“उद्या संध्याकाळी तुमच्या घरी येऊन जोडतो,” समाधान म्हणाला. “येऊ ना?”

“या,” मी म्हणाले.

हमालानं डबा खाली ठेवला. तसा तो हलकाच होता, कुणीही एका हातानं उचलला असता. आम्ही तो दोघांनी धरला, आणि मोटारसायकलपर्यंत अगदी सावकाश चालत नेला.