रिकामं दार

दीपाने त्याला पहिल्यांदा पाहिलं ते पाठमोरं... राळेगावच्या बंद पडलेल्या कापूस-जिनिंगच्या शेडमध्ये, भिंतीवर चादर ताणताना. बाहेर भरदुपार, आत अंधार. त्या सालांत कपाशीने गावाला इतकं रडवलं होतं, की हसायला बोलावणारा हा लोहारा गावचा संघदीप लोकांना जरा खुळाच वाटला.

सिनेमा मुका, ऐंशी-नव्वद वर्षांपूर्वीचा. मधेमधे इंग्रजी पाट्या. लोक चुळबुळायला लागले, तशी बालवाडीत शिकवणारी दीपा उठली आणि पाट्या वऱ्हाडीत सांगू लागली. पाटी नसेल तिथेही!

"हे तर लिहिलंच नोयतं, मॅडम," संघदीप नंतर म्हणाला.

"मंग? त्याचं तोंड हालत होतं ना!"

तो खळखळून हसला आणि दीपाला आवडून गेला. उगाच आढेवेढे कशाला!

मग हिवाळाभर दोघं तोच सिनेमा घेऊन गावोगावी फिरले. सिनेमात नायक प्रेयसीसाठी फुलं आणायला दाराबाहेर पडतो, आणि पडद्यावर कितीतरी वेळ नुसतं रिकामं दार!

"कॅमेरा त्याच्यामांगं काहून नाही जात?" दीपाने एकदा विचारलं.

"हा दिग्दर्शक कोणाच्या मांगं धावत नाही. जागेवरच थांबते. भरवसा असते त्याले."

तेव्हापासून दार रिकामं झालं, की ती ओरडायची, "थांबा... येते तो!" आणि तो यायचाच. हातात नुसते देठ, मागे फुलं चघळणारी बकरी. सगळी शेड हसून लोटपोट.

मारेगावला जाताना एसटीत संघदीप म्हणाला, "पुण्याले नोकरी लागली. सोमवारी निघतो."

"परत... कधी येता तुम्ही?"

"पाहू."

एवढंच! फार लागलं तिला ते.

त्या दुपारी पडद्यावर पुन्हा दार रिकामं झालं. लोक तिच्या आवाजाची वाट पाहत होते. येते तो, असं कोणत्या तोंडाने सांगायचं?

आणि मग प्रोजेक्टरमागून, जरा कापऱ्या आवाजात...

"थांबजो, दीपा... येते तो."

बकरी आली. हास्याचा एकच कल्लोळ उठला. दीपाने मागे वळून पाहिलं. संघदीपची नजर पडद्यावर नव्हतीच.

"बकरी घेऊनच येजो मंग!" ती रडत-हसत म्हणाली. पहिल्यांदाच एकेरीत.