अंगारकीचा पास्ता

"ओ मिस्टर, ती जुडी मी आधी धरलीय!"

"पण आत्ता माझ्या हातात आहे ना…"

कोपरीतल्या भाजीवाल्याकडे बेझिलची एकच जुडी उरलेली आणि तिला दोन हात लागलेले. संचिताने रागाने वर बघितलं – आणि जुडी हातातून कधी सुटली, तिला कळलंच नाही. कळव्याला खोली घेऊन राहणाऱ्या साकेतशी तिची ओळख झाली ती अशी, भांडणातून.

"पाकिटातला पास्ता करणार वाटतं?" त्याने चिडवलं.

"घरी केलेला खायला घालीन एक दिवस. बघच तू!"

तो दिवस उजाडेपर्यंत पावसाळा सरत आला. मधल्या काळात चहा झाले, टेंभी नाक्यापर्यंत रमतगमत चालणं झालं. मनातलं बोलायचं तेवढं राहिलं. आता साकेतला नाशिकला नोकरी लागली होती. बुधवारी तो निघणार, म्हणून संचिताने मंगळवारी त्याला घरी जेवायलाच बोलावलं. आज विचारायचंच! नाही म्हणाला तर नाही; पण कुढत बसणाऱ्यातली ती नव्हतीच मुळी.

रवा मळून मळून तिची मनगटं भरून आली. पोळी लाटून पट्ट्या कापल्या, लालबुंद टोमॅटो शिजत टाकले आणि लसूण सोलायला घेतला, तोच आई स्वयंपाकघरात आली.

"अगं, लसूण काय घेतेस? आज अंगारकी! चंद्रोदय झाल्याशिवाय आपल्याकडे कुणी जेवतं का?"

संचिताने कपाळावर हात मारला. पाहुणा बोलावला, तोही ऐन उपासाच्या दिवशी! पण आता माघार नाही. लसूण परत टोपलीत गेला.

साकेत आला तो भिजूनच. आईने त्याच्यापुढे चिवडा ठेवला.

"तू खा हो, तुला कुठे उपास?"

"नको काकू," म्हणत त्याने नुसतं पाणी घेतलं. संचिताला वाटलं, याला निघायची घाई तर नाही?

दोघं गॅलरीत ढगांकडे बघत उभे राहिले.

"साकेत… फिरवून फिरवून बोलायला मला जमत नाही. मला तू आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशीच. तुझं काय ते सांग."

तो हसला, पण डोळे भरून आले होते.

"सकाळपासून पोटात अन्नाचा कण नाही माझ्या. टिटवाळ्याच्या गणपतीला साकडं घातलंय – हिच्याशी बोलायचा धीर दे म्हणून. धीर काही आला नाही… तूच बोललीस!"

"आणि मी इथे घाबरून अर्धी झाले! टिटवाळ्याला एकट्याने जायचं नाहीस आता."

"आणि काकूंना कोण सांगणार?"

"मी. आत्ता."

"संचिता, चंद्रोदयाची वेळ झाली गं! पाणी उकळत ठेव," आतून हाक आली.

ती त्याचा हात धरून तशीच आत गेली. आई पानं मांडत होती. तिची नजर त्या दोन हातांवर खिळली. संचिताने हात सोडला नाही.

"आई, याचं पान घरच्यांच्या ओळीत मांड. पाहुणा नाही हा आता."